किडनीच्या दुर्मिळ कर्करोगाचा नेमका उपप्रकार कसा ओळखावा: ब्लॉकपासून जनुक तपासणीपर्यंत

किडनीच्या कर्करोगाच्या दर चार रुग्णांपैकी जवळजवळ तिघांमध्ये क्लिअर सेल हा प्रकार आढळतो. त्याखालोखाल पॅपिलरी आणि क्रोमोफोब येतात. हे तीन बाजूला काढल्यावर जो गट उरतो तो रुग्णसंख्येने लहान असला, तरी त्यात डझनाहून अधिक वेगवेगळे आजार आहेत. त्यांतले काही वर्षानुवर्षे शांत राहतात, तर काही गाठ लहान असतानाच लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेले असतात. ‘अनक्लासिफाइड’ किंवा ‘पॅपिलरी, हाय ग्रेड’ असे लिहिलेला रिपोर्ट हातात घेऊन पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या कुटुंबीयांना, त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना आणि नव्याने रिपोर्टिंग करू लागलेल्या पॅथॉलॉजिस्टना पुढे नेमके काय करायचे हे कळावे, यासाठी हे लिहिले आहे.

सगळ्यात महत्त्वाचा आहे तो तपासण्यांचा क्रम. आधी साध्या रंगातली स्लाइड, मग तिने उभ्या केलेल्या प्रश्नांपुरती निवडक इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (आयएचसी) म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणारी चाचणी, आणि त्यानंतर जनुक तपासणी असा तो आहे. सुरुवातीलाच मोठे एनजीएस पॅनेल (एकाच वेळी अनेक जनुकांची तपासणी) मागवले, तर पैसे आणि ऊती दोन्ही खर्च होतात. शिवाय हाती आलेल्या उत्परिवर्तनांच्या यादीचा अर्थ लावायला अखेर पुन्हा स्लाइडकडेच यावे लागते.

पहिली पायरी: ऊती आणि ब्लॉक सांभाळणे

पुढच्या प्रत्येक तपासणीचा दर्जा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत ठरतो. काढलेली किडनी तशीच अखंड फॉर्मॅलिनमध्ये बुडवली, तर द्रव आतपर्यंत शिरत नाही आणि गाठीचा मधला भाग कुजू लागतो. म्हणून किडनी उभी चिरून, नमुन्याच्या किमान दहापट दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या भांड्यात ठेवली पाहिजे. ऊती फॉर्मॅलिनमध्ये साधारण सहा तासांपेक्षा कमी आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त राहू नये. शनिवारी संध्याकाळी शस्त्रक्रिया झालेला नमुना अरुंद बरणीत सोमवारपर्यंत पडून राहणे ही लहान रुग्णालयांत नवलाईची गोष्ट नाही. अशा नमुन्यावर पुढे एखादे प्रथिन ‘नाही’ असे दिसले, तर ते गाठीत खरोखरच नाही की ऊती खराब झाल्यामुळे दिसत नाही, हे सांगणे कठीण होते.

ग्रॉसिंग करताना, म्हणजे नमुना कापून तपासायचे तुकडे निवडताना, गाठीच्या दर सेंटिमीटरमागे एक आणि एकूण किमान तीन ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) घ्यावेत, असा प्रघात आहे. माझ्या मते त्याहून मोलाचा नियम असा, की गाठीत रंगाने किंवा पोताने वेगळा दिसणारा प्रत्येक भाग ब्लॉकमध्ये यावा. सार्कोमॅटॉइड बदल, म्हणजे पेशी लांबट होऊन गाठ आक्रमक बनणे, कोणत्याही उपप्रकारात होऊ शकतो. अशा गाठीचा मूळ प्रकार ओळखण्याची संधी बहुधा एखाद्या कोपऱ्यात शिल्लक राहिलेल्या सौम्य भागातच मिळते.

नातेवाइकांनी शस्त्रक्रियेची नोंद, मूळ रिपोर्ट, सर्व स्लाइड आणि निदान दोन चांगले पॅराफिन ब्लॉक लेखी अर्ज करून मागून घ्यावेत आणि ब्लॉकवरचे क्रमांक पावतीवर लिहून घ्यावेत. पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ब्लॉक ठेवून कामे उरकण्याचा मोह टाळावा. नमुना हाडातल्या गाठीचा असेल, तर तो आम्लात मऊ करू नये, ईडीटीए हे सौम्य रसायन वापरावे, अशी विनंती बायप्सीच्या आधीच करावी. आम्लामुळे डीएनए मोडतो आणि पुढची जनुक तपासणी फसते.

किडनी न काढता सुईने बायप्सी घेतली असेल, तर ऊती मुळातच थोडी असते. प्रयोगशाळेला आधीच सांगून ठेवल्यास ब्लॉक पहिल्यांदा कापतानाच जास्तीच्या कोऱ्या स्लाइड काढून ठेवता येतात. प्रत्येक वेळी ब्लॉक नव्याने समतल करताना वाया जाणारी ऊती त्यामुळे वाचते.

दुसरी पायरी: रिपोर्ट कुठे थांबायला लावतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. पॅपिलरी कर्करोगाची टाइप १ आणि टाइप २ ही विभागणी तिने सोडून दिली आणि जनुकीय बदलावरून ओळखल्या जाणाऱ्या कर्करोगांचा स्वतंत्र गट केला. टीएफई-३ पुनर्रचना, टीएफईबी बदल, ईएलओसी उत्परिवर्तन, एफएच अभाव, एसडीएच अभाव, एएलके पुनर्रचना आणि एसएमएआरसीबी-१ अभाव असलेला मेड्युलरी कर्करोग हे त्यातले सात आजार होत. यांतली आद्याक्षरे जनुकांची नावे आहेत; ‘पुनर्रचना’ म्हणजे जनुक तुटून दुसऱ्याशी जोडले जाणे आणि ‘अभाव’ म्हणजे त्या जनुकाचे काम करणारे प्रथिन नसणे. त्यामुळे आजही एखाद्या रिपोर्टवर ‘पॅपिलरी, टाइप २’ एवढेच असेल, तर ते निदान अपुरे समजावे. पूर्वी या नावाखाली गेलेल्या गाठींत एफएच अभावाच्या आणि टीएफई-३ च्या कितीतरी गाठी दडलेल्या होत्या.

‘अनक्लासिफाइड’, ‘कलेक्टिंग डक्ट कार्सिनोमा’ आणि ‘ऑन्कोसायटिक निओप्लाझम’ (लालसर, दाणेदार पेशींची गाठ) या शब्दांपाशीही थांबावे. कलेक्टिंग डक्टचे निदान तर बाकी सगळे वगळल्यावरच करायचे असते. रुग्णाचे वय ४६ किंवा त्याहून कमी असणे, दोन्ही किडन्यांत किंवा एकाच किडनीत अनेक गाठी असणे, रक्ताच्या नात्यात कोणाला किडनीचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर रिपोर्ट वरकरणी कितीही स्वच्छ दिसला तरी पुढच्या पायऱ्या गाळू नयेत.

तिसरी पायरी: साध्या स्लाइडवरचे निरीक्षण

एच अँड ई या नेहमीच्या रंगातली स्लाइड अनुभवी डोळ्यांना जे सांगते, ते बऱ्याचदा पुढच्या सगळ्या तपासण्यांची दिशा ठरवते. एफएच अभावाच्या गाठीत केंद्रकातली केंद्रिका मोठी, लालसर आणि भोवती पांढरे वलय असलेली दिसते, आणि एकाच गाठीत पॅपिलरी, नळीदार, चाळणीसारखी व सिस्टिक अशा अनेक रचना शेजारी शेजारी सापडतात. एसडीएच अभावाच्या गाठीत पेशीद्रव फिकट लालसर असते आणि त्यात पोकळ्या व कापसाच्या पुंजक्यांसारखे साठे दिसतात. तरुण रुग्णाच्या गाठीत पॅपिलरी रचना, स्वच्छ पेशीद्रवाच्या फुगीर पेशी आणि कॅल्शियमचे गोल थर म्हणजे सॅमोमा बॉडीज एकत्र दिसले, की टीएफई-३ आठवावे. कर्करोगासाठी पूर्वी केमोथेरपी घेतलेल्या काही मुलांमध्ये पुढे हीच गाठ उद्भवल्याचे आढळले आहे. म्हणून बालपणीच्या आजाराची चौकशीही करावी. अनेक वर्षे डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या सिस्टिक किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक असलेली गाठ दिसली, तर ती त्या परिस्थितीतच होणाऱ्या स्वतंत्र उपप्रकाराची असते.

ग्रेडबद्दल एक सावधगिरी बाळगावी. डब्ल्यूएचओ/आयएसयूपीची एक ते चार ही ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात याची श्रेणी, क्लिअर सेल आणि पॅपिलरी प्रकारांसाठी आहे. क्रोमोफोबला ती लावत नाहीत. क्रोमोफोबच्या रिपोर्टवर ग्रेड तीन असे दिसले, तर घाबरण्याआधी तो आकडा कशाच्या आधारावर दिला आहे, हे विचारावे.

चौथी पायरी: आयएचसीचे निवडक मार्कर

या पायरीवर सर्वाधिक गोंधळ होतो. पंधरा-वीस मार्कर (रंगवून शोधायची प्रथिने) एकदम मागवण्यापेक्षा साध्या स्लाइडवरून मनात आलेल्या दोन-तीन शक्यता वेगळ्या करतील एवढेच मागवावेत. गाठ किडनीच्याच पेशींची आहे का, हा पहिला प्रश्न असतो आणि तिथे पॅक्स-८ उपयोगी पडतो. थायरॉइडच्या आणि स्त्रीप्रजनन मार्गाच्या गाठीही पॅक्स-८ दाखवतात, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. मूत्रमार्गाच्या अस्तराच्या कर्करोगाची शंका असेल, तर गाटा-३ आणि पी-६३ सोबत पाहावेत. पॅक्स-८ नाही, पण एचएमबी-४५ आणि मेलान-ए आहेत, असे दिसल्यास ती एपिथेलिऑइड अँजिओमायोलिपोमा ही किडनीच्या नळ्यांपासून न उगवलेली गाठ असू शकते. टीएफई-३ च्या काही गाठीही हे मेलानोसाइटचे (रंगद्रव्याच्या पेशींचे) मार्कर दाखवतात, हेही त्याच वेळी लक्षात ठेवावे.

पेशी स्वच्छ दिसत असतील, तर कार्बोनिक अनहायड्रेज-९ आणि सीके-७ ही जोडी पुष्कळ काही सांगते. नेहमीच्या क्लिअर सेल कर्करोगात कार्बोनिक अनहायड्रेज-९ पेशीच्या चारही बाजूंना उमटते आणि सीके-७ बहुधा नसते. क्लिअर सेल पॅपिलरी गाठीत मात्र पेशीचा वरचा काठ मोकळा राहून बाकी बाजू रंगतात, सीके-७ सगळीकडे ठळक असते आणि सीडी-१० व एएमएसीआर नसतात. हा फरक रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा आहे. ही गाठ इतकी सौम्य वागते, की २०२२ च्या वर्गीकरणाने तिच्या नावातला ‘कार्सिनोमा’ काढून ‘ट्यूमर’ ठेवला. रिपोर्टमध्ये या दोहोंची अदलाबदल झाली, तर माणूस नसलेल्या कर्करोगाच्या धास्तीत वर्षे काढतो.

पेशी लालसर, दाणेदार असतील, तर सीडी-११७ आणि सीके-७ पाहावेत. दोन्ही सर्वत्र असतील तर क्रोमोफोबकडे कल जातो. सीडी-११७ आहे आणि सीके-७ फक्त तुरळक पेशींत आहे, असे असल्यास ऑन्कोसायटोमाचा विचार होतो. सीके-७ सर्वत्र, पण सीडी-११७ नाही, ही उलट मांडणी लो-ग्रेड ऑन्कोसायटिक ट्यूमरची खूण मानली जाते. सीके-२० सापडल्यास इओसिनोफिलिक सॉलिड अँड सिस्टिक कर्करोग आठवावा. तो बहुतांशी स्त्रियांमध्ये दिसतो आणि त्यात टीएससी-१ किंवा टीएससी-२ जनुकात बदल असतो. बारीक सुईच्या बायप्सीवर ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब यांतला फरक ठामपणे करता येईलच असे नाही. अशा वेळी पॅथॉलॉजिस्टने ‘ऑन्कोसायटिक निओप्लाझम’ एवढेच लिहिले, तर तो प्रामाणिकपणा समजावा.

ज्यांच्या बाबतीत प्रथिन दिसण्यापेक्षा न दिसणे महत्त्वाचे असते, ते मार्कर चुकता कामा नयेत. एफएच, एसडीएचबी आणि आयएनआय-१ (एसएमएआरसीबी-१ जनुकाचे प्रथिन) हे ते तीन होत. एसडीएच संकुलाच्या कोणत्याही उपघटकाचे जनुक बिघडले, तरी संपूर्ण संकुल अस्थिर होते आणि एसडीएचबी दिसेनासे होते. त्यामुळे या एका मार्करने सगळ्यांची चाचणी होते. एफएचचे तसे सरळ नाही. जनुकातल्या काही बदलांत प्रथिन तयार होते, पण निकामी असते, आणि स्लाइडवर ते जाग्यावर असल्यासारखेच दिसते. अशा वेळी २एससी हा मार्कर उपयोगी पडतो. एफएच निकामी झाल्यावर पेशीत फ्युमरेट साचते, ते इतर प्रथिनांमधल्या सिस्टिनला चिकटते, आणि त्या चिकटण्याचीच खूण हा मार्कर दाखवतो. तो सगळीकडे मिळत नाही. मिळाला नाही आणि स्लाइडवरचे रूप एफएचचेच वाटत असेल, तर ‘एफएच जाग्यावर आहे’ या वाक्यावर समाधान न मानता थेट जनुक तपासावे.

हे तिन्ही मार्कर वाचताना त्याच स्लाइडवरच्या रक्तवाहिन्यांच्या किंवा दाहपेशींच्या निरोगी पेशी रंगल्या आहेत का, हे पाहिलेच पाहिजे. त्या रंगल्या नसतील, तर चाचणी फसली आहे आणि निष्कर्ष काढता येत नाही. रिपोर्टमध्ये ‘अंतर्गत नियंत्रण समाधानकारक’ असा उल्लेख आहे का, हे रुग्णाच्या नातेवाइकानेही विचारायला हरकत नाही.

आयएनआय-१ चा प्रश्न महाराष्ट्रात थोडा वेगळ्या तऱ्हेने समोर येतो. एसएमएआरसीबी-१ अभाव असलेला मेड्युलरी कर्करोग प्रामुख्याने सिकलसेलचे वाहक असलेल्या तरुणांना, आणि उजव्या किडनीत अधिक प्रमाणात, होतो. १९९५ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन झाले, तेव्हा सिकलसेलमुळे होणारा किडनीचा सातवा विकार असा त्याचा उल्लेख केला गेला. जगभरातल्या बहुतेक नोंदी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या आहेत आणि सिकलसेलच्या वाहकांमध्येही हा कर्करोग अत्यंत विरळा आहे, त्यामुळे वाहक असण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु सिकलसेल अधिक आढळणाऱ्या नंदुरबारहून किंवा गडचिरोली व विदर्भाच्या इतर भागांतून पुण्यात शिकायला किंवा कामाला आलेल्या तरुणाच्या किडनीच्या मध्यभागी आक्रमक गाठ आढळली, तर हिमोग्लोबिनची एचपीएलसी (सिकलसेल ओळखणारी) तपासणी आणि आयएनआय-१ मार्कर लगेच करावेत.

पाचवी पायरी: फिश, डीएनए आणि आरएनए

टीएफई-३ हा मार्कर आयएचसीवर फसवा आहे, कारण फिक्सेशन आणि तंत्र यांनुसार तो कमी-जास्त दिसतो. पुष्टीसाठी फिश तपासणीत एक्स गुणसूत्रावरचे टीएफई-३ जनुक तुटले आहे का, ते रंगीत ठिपक्यांच्या अंतरावरून पाहतात. इथे एक खाच आहे. हे जनुक कधीकधी त्याच गुणसूत्रावरच्या अगदी जवळच्या जनुकाशी जोडले जाते, उदाहरणार्थ आरबीएम-१० शी. तेव्हा ठिपके इतके जवळ राहतात, की फिश नकारात्मक येते. स्लाइड आणि मार्कर जोरदारपणे टीएफई-३ कडे बोट दाखवत असतील आणि फिश नकार देत असेल, तर आरएनए सिक्वेन्सिंग मागावे. जोडले गेलेले दुसरे जनुक कोणते, हेही त्यात कळते. टीएफईबीसाठीही फिश चालते आणि तिथे पुनर्रचनेसोबत जनुकाच्या प्रतींची वाढ पाहणे आवश्यक असते, कारण प्रती वाढलेल्या गाठी अधिक आक्रमक वागतात.

डीएनए पॅनेल मागवण्याआधी त्यात एफएच, एसडीएचचे सर्व उपघटक, टीएससी-१, टीएससी-२, ईएलओसी, एसएमएआरसीबी-१, व्हीएचएल, मेट, एफएलसीएन आणि बीएपी-१ आहेत का, आणि जनुकांची जोडणी पकडण्यासाठी आरएनएचा समावेश आहे का, हे प्रयोगशाळेला लेखी विचारावे. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी बनवलेले लहान पॅनेल किडनीच्या गाठीला लावल्यास ‘काहीही आढळले नाही’ असा रिपोर्ट येतो आणि त्याचा अर्थ जवळजवळ शून्य असतो. पाठवायच्या ब्लॉकमध्ये गाठीच्या पेशींचे प्रमाण पुरेसे आहे का, साधारण वीस टक्क्यांच्या वर आहे का, हे पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर खूण करून द्यावे.

रिपोर्ट आल्यावर व्हीएचएल जनुकात बदल दिसला, म्हणून आजार घराण्यातला आहे असे समजू नये. कोणतीही आनुवंशिकता नसलेल्या क्लिअर सेल गाठींपैकी बहुसंख्य गाठींत हा बदल गाठीपुरता झालेला असतो. गाठीत आढळलेला बदल रक्तातही आहे का, हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असे लिहिलेल्या नोंदीवरून तर कोणताही उपचार किंवा शस्त्रक्रिया ठरवू नये.

सहावी पायरी: रक्त तपासणी आणि घराण्याचा इतिहास

एफएच किंवा एसडीएच अभाव सिद्ध झाला, तर रक्तातून आनुवंशिक तपासणी आणि त्याआधी जनुकीय समुपदेशन आवश्यक ठरते. एसडीएच अभावाच्या जवळजवळ सर्व रुग्णांत बदल जन्मजात असतो. हे आजार प्रभावी वारशाने येतात, म्हणजे प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते.

घराण्याची माहिती घेताना ‘घरात कोणाला कॅन्सर होता का’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुतेकदा ‘नाही’ असेच येते. त्यापेक्षा नेमके विचारावे. अंगावर दुखणाऱ्या, थंडीत ठणकणाऱ्या लहान गाठी कोणाला आहेत का, आई, मावशी, आत्या किंवा बहिणीची तरुण वयात गर्भाशयातल्या गाठींसाठी पिशवी काढली होती का, असे विचारावे. एफएचच्या घराण्यांत या दोन्ही गोष्टी दिसतात. मात्र महाराष्ट्रात पिशवी काढण्याची कारणे अनेक आणि काही वेळा वैद्यकीय नसलेलीही असतात. बीडमधल्या ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो यामुळेच. म्हणून नुसत्या शस्त्रक्रियेच्या उल्लेखावर न थांबता जुना रिपोर्ट मिळतो का ते पाहावे. एसडीएचसाठी रक्तदाब अचानक चढणे, मानेतली किंवा पोटातली पॅरागँग्लिओमा (मज्जातंतूंलगतच्या पेशींची गाठ) आणि जठरातली जीआयएसटी गाठ यांची चौकशी करावी. एफएलसीएनसाठी चेहऱ्यावरचे बारीक पांढरट पुरळ आणि फुप्फुसातून हवा गळून छातीत साचण्याचा प्रसंग विचारावा.

वाहक ठरलेल्या नातेवाइकांच्या देखरेखीत उपप्रकारानुसार मूलभूत फरक पडतो. व्हीएचएल किंवा एफएलसीएनच्या गाठी साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत वाढेपर्यंत लक्ष ठेवून थांबता येते. एफएचच्या गाठीसाठी हा नियम लागू नाही, ती लहान असली तरी पुरेशा मोकळ्या कडेसह काढावी लागते. एफएचच्या वाहक मुलांची दरवर्षी एमआरआय तपासणी आठ ते दहा वर्षांच्या वयापासून सुरू करण्याची शिफारस आहे. मुलांची तपासणी करायची की नाही, या प्रश्नावर कुटुंबात मतभेद होतात. तेव्हा मोठ्यांनी मुलांच्या वतीने टाळाटाळ करण्याआधी हे वय लक्षात घ्यावे.

पुण्यात हे कसे जुळवून आणावे

पुण्यात ससून, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि अनेक मोठ्या खाजगी व धर्मादाय रुग्णालयांत पॅथॉलॉजीचे सुस्थापित विभाग आहेत. दुर्मिळ मार्कर आणि जनुक तपासणीसाठी मात्र नमुना अनेकदा शहराबाहेर जातो. सेकंड ओपिनियनसाठी परळच्या टाटा मेमोरियलला स्लाइड आणि ब्लॉक पाठवण्याची वाट जुनी आणि रुळलेली आहे. सोबत फक्त स्लाइड न पाठवता सीटी स्कॅनचा रिपोर्ट, वय, घराण्याची माहिती आणि आधी झालेल्या सर्व मार्करचे निकाल एका पानावर लिहून द्यावेत. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे का आणि मान्यता नेमकी त्याच चाचणीसाठी आहे का, हे तिच्या मान्यतेच्या व्याप्तीपत्रात पाहता येते. ऐपत कमी असेल, तर धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवकांकडे निर्धन व दुर्बल घटकांसाठीच्या सवलतीची चौकशी तपासणीच्या आधी करावी. बिल झाल्यावर फारसे काही करता येत नाही.

वेळेचा हिशेब मात्र उपप्रकारावर सोडावा. गाठ पूर्ण निघालेली असेल आणि शंका क्लिअर सेल पॅपिलरी किंवा ऑन्कोसायटिक गाठीची असेल, तर जनुकांचा निकाल यायला काही आठवडे लागले तरी बिघडत नाही. आजार पसरलेला असून एफएच अभावाची शक्यता असेल, तर बेव्हासिझुमॅब आणि एरलोटिनिब या जोडीचा पर्याय ऑन्कोलॉजिस्टला विचारात घेता यावा, म्हणून आयएचसीचा निकाल उपचार ठरण्याआधी हातात हवा. एएलके पुनर्रचना सापडली, तर त्यावर थेट काम करणाऱ्या गोळ्या आहेत. मेड्युलरी कर्करोगात मात्र थांबायला वेळच नसतो. नेहमीच्या किडनी कर्करोगाच्या गोळ्यांना तो फारशी दाद देत नाही आणि प्लॅटिनमवर आधारित केमोथेरपी लवकर सुरू करावी लागते. आयएनआय-१ चा आणि हिमोग्लोबिन एचपीएलसीचा निकाल काही दिवसांतच मिळतो. तो मिळताच उपचार सुरू करावेत, आणि एनजीएसचा रिपोर्ट नंतर येऊन फाइलला जोडला जाईल.